अठ्ठावन्नचे बावन्न

९ जून, सोमवार

या वहीची माफी मागायला हवी. मागची नोंद फेब्रुवारीतली, तीही अर्धी. चार महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. लिहिलं की स्वतःला उत्तर द्यावं लागतं, ते टाळत होतो.

आज लिहितोय, कारण एक निर्णय घेतलाय आणि तो बरोबर आहे की नाही हे कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमची दुधाची पिकअप सव्वीस दिवस वरच्या तांड्यावर पोचली नाही. ओढ्यात खडक वर आलेत आणि त्याच्या पुढे चाकोरी इतकी खोल झालीय की गाडीचं पोट टेकतं. तांड्यावरच्या बायका दूध घेऊन उभ्या, आणि गाडी अलीकडे. तांड्याचे प्रमुख धर्मसिंग नाईकांनी परवा शांतपणे सांगितलं, यंदाही तसंच झालं तर म्हशी विकू. डोंगरकडा गावातलं माझं दूध संकलन केंद्र निम्मं त्या तांड्यावर चालतं. पण खरं सांगायचं तर मला तेवढंच कारण नाही. अकरा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवून शेवटी पुढच्या वर्षी येऊ नका एवढं ऐकून घरी आलो, तेव्हा पहिलं दूध त्या तांड्याने दिलं. ते मला अजून ‘सर’ म्हणतात.

निर्णय असा की गाडी उंच करायची आणि मोठे टायर बसवायचे. वसरामचा मुलगा रणजीत वारंगा फाट्यावर गॅरेज चालवतो. तो म्हणाला, एका दिवसाचं काम. वसराम माझा ड्रायव्हर. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. तो जुने टायर चाचपून पाहत होता.

१४ जून, शनिवार

दिवसभर फाट्यावर, गॅरेजमध्ये. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली चार इंची लोखंडी ठोकळे घालून लांब यू-बोल्टने आवळले. पुढच्या पाट्यांत जादा पानं घातली. जुनं टायर उभं अठ्ठावीस इंच, नवं एकतीस. टेप माझाच होता, मीच मोजून लिहून घेतलं.

एक गंमत कळली. मागच्या एक्सलच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, तोच खडकाला लागतो. एवढा खटाटोप करून त्याच्याखाली जागा वाढली फक्त दीड इंच. गाडी उंच करायची ती मोठं टायर आत बसावं म्हणून. गोळ्याला वर उचलतं ते टायरच. हे मला आधी सुचायला हवं होतं.

वसराम म्हणाला, “उंच केली म्हणून ती चारी चाकांनी ओढत न्हाई, सर. ओढणारी मागची दोनच हायेत.”

रणजीत गाडीखालूनच बोलला, “बाबा, तुमी गाडी चालवा. गाडीचं मला बघू द्या.” सगळे हसले. वसरामही हसला. पोराचं गॅरेज नवं, अंगावर ग्रीस, हातात पाना, आणि हे त्याचं पहिलं मोठं काम. त्याच्याकडे बघताना वसरामचा चेहरा मी पाहिला. असा चेहरा मी माझ्या आरोहीचा दहावीचा निकाल लागेल तेव्हा करीन बहुतेक.

मागच्या एक्सलपासून वर चॅसीला जाणारी एक बारीक दांडी होती. गाडी वर गेल्यावर ती खाली ओढली गेल्यासारखी दिसली. मी विचारलं, ही कशाची? रणजीत म्हणाला, तिचं काही अडत न्हाई, सर, राहू द्या. मी पुन्हा विचारणार होतो. तेवढ्यात चहा आला.

अशा बदलाला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते असं मला वाटतं. रणजीत म्हणाला, कोणी विचारत न्हाई. कोणी विचारत नाही म्हणून करणं मला आवडत नाही. तरी केलं. नोंद असावी.

१५ जून, रविवार

रिकामी गाडी मी स्वतः डोंगरकड्याभोवती फिरवली. वरून बसल्यावर लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसतं. माझी बायको कोमल दारात उभी होती. म्हणाली, “उतरताना शिडी लागेल का?” मग म्हणाली, “छान दिसतेय.” मला किती बरं वाटलं हे लिहायला लाज वाटते.

२८ जून, शनिवार

चार दिवस झड लागली. ओढ्याला गुडघाभर पाणी. गाडी गेली आणि दूध घेऊन आली. अठरा कॅन. वसराम म्हणाला, अलीकडे थांबून पाणी उतरायची वाट पाहिली, मगच घातली. तांड्यावर बेबीबाईने, म्हणजे वसरामच्या बायकोने, टायरांना हळदकुंकू लावलं. टायरावर कुंकू टिकत नाही, पण मी पुसू दिलं नाही.

यंदा ते सव्वीस दिवस वाचतील. निर्णय बरोबर होता.

५ जुलै, शनिवार

मी रोज सकाळी गाडी सुटताना आणि परत आल्यावर मीटरचा आकडा लिहितो. वसरामवर अविश्वास म्हणून नाही, सवय. फेरी तीन वर्षं अठ्ठावन्न किलोमीटरची आहे. कधी सत्तावन्न, कधी एकोणसाठ.

आज महिन्याची पानं चाळली. पंधरा जूनपासून फेरी बावन्न.

एकही दिवस अठ्ठावन्न नाही. सहा किलोमीटर कुठे गेले? खालच्या वाडीचा फाटा टाळला तर बरोबर सहा वाचतात. पण वाडीचं दूध तर रोज येतंय.

विचारलं नाही. विचारायचं कसं हे ठरवतोय.

११ जुलै, शुक्रवार

डिझेलच्या टाकीत काठी घालून पातळी पाहिली, सलग पाच दिवस. फेरी कमी दाखवते, डिझेल मात्र पूर्वीइतकंच, किंचित जास्तच. याचे अर्थ दोनच निघतात आणि दोन्ही मला लिहायचे नाहीत.

लिहितो. एक, डिझेल निघतंय. दोन, मीटरची केबल काढून गाडी कुठेतरी जाते आणि मग केबल परत लावली जाते. ड्रायव्हर लोकांचं हे जुनं कसब आहे असं ऐकून आहे.

काठी धुवून कोपऱ्यात ठेवली तर कोमलने विचारलं, ही कशाची? मी म्हणालो, पाण्याच्या टाकीची. बायकोशी खोटं बोललो, मित्र खरं बोलतो की नाही हे पाहण्यासाठी.

१६ जुलै, बुधवार

वसराम पाऊण तास उशिरा आला. दूध आंबायच्या बेताला. कारण विचारलं. म्हणाला, “बोरीच्या उतरणीला पहिल्या गेरात आलो, सर. भरल्या गाडीला बिरेक जरा लांब लागून राहिला.”

ही तक्रार मी उडवून लावली नाही. हे मुद्दाम लिहितो. कॅन उतरवल्यावर लगेच गाडी घेऊन निघालो. मोकळ्या रस्त्यावर तीन वेळा, वेगवेगळ्या वेगाला, ब्रेक दाबून पाहिले. जागच्या जागी थांबते. तिन्ही वेळा. परत येऊन वसरामला सांगितलं, ब्रेक बराबर आहेत, मी स्वतः पाहिले.

तो आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुमी पाह्यलं म्हणजे बराबर असंल.”

मला वाटतं उशिराचं कारण दुसरं आहे.

२४ जुलै, गुरुवार

आज जे केलं ते अशोभनीय होतं. मोटारसायकल घेऊन पिकअपच्या मागे गेलो, अर्धा किलोमीटर अंतर ठेवून, चोरासारखा.

वसराम पूर्ण फेरी करून आला. खालची वाडी, मधली वस्ती, वरचा तांडा. सगळीकडे थांबला, सगळीकडे दूध घेतलं. माझ्या मोटारसायकलच्या मीटरवर अठ्ठावन्न भरले. घरी आल्यावर पिकअपचा आकडा पाहिला: बावन्न.

मोटारसायकल तेरा वर्षांची आहे, तिचा मीटर कितपत खरा देव जाणे. की मधल्या टप्प्यात केबल काढली होती? अर्धा किलोमीटरवरून ते दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र दिसली. तांड्यावरून दोन म्हातारे गाडीत मागे कॅनजवळ बसले. बोरीच्या उतरणीच्या तोंडाशी वसरामने गाडी थांबवली, त्यांना खाली उतरवलं आणि गाडी एकटीच खाली नेली. उतरण अवघड आहे. एका बाजूला दरड, खाली वळण आणि वळणावर कठडा नसलेला पूल. म्हातारे काठ्या टेकत पायी खाली आले. वळणापलीकडे तो त्यांच्यासाठी थांबलेला होता.

उतरणीखाली आमच्या ओळखीच्यांची शेतं आहेत. तिथल्या लोकांनी मागे माणसं बसलेली पाहू नयेत, म्हणून उतरवत असेल? म्हणजे माणसं भरतो. म्हणजे केबल.

कड्या जुळतात. जुळल्या की मला बरं वाटायला हवं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

हँडब्रेक संपला. लिव्हर वर घेतला तर शेवटपर्यंत येतो आणि काही धरत नाही. तीन वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. वसरामला विचारलं तर म्हणाला, आज नवी केबल टाकतो. हँडब्रेक ओढूनच गाडी चालवत असणार. इतका बेफिकीर तो पूर्वी नव्हता.

वही मागे चाळली. ‘बेफिकीर’ हा शब्द मी त्याच्यासाठी पहिल्यांदा वापरला.

१० ऑगस्ट, रविवार

तांड्यावर गेलो, मोटारसायकलने. वसराम घरी नव्हता. तो फाट्यावर रणजीतकडे गेला होता. मला ते माहीत होतं. म्हणूनच गेलो.

तांड्यात तीज मांडलीय. धर्मसिंग नाईकांच्या ओट्यावर टोपल्या ओळीने, त्यांत गव्हाचे पिवळे कोंब बोटभर वर आलेत. लग्न न झालेल्या मुली रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. वसरामची मुलगी दिपा त्यांत पुढे. मला पाहून तिने पाणी आणून दिलं.

नाईकांना मी बाजूला घेऊन विचारलं. फार जपून विचारलं. वसराम रोज वेळेवर येतो का, गाडी आणखी कुठे नेतो का, मागे माणसं बसवतो का. नाईकांनी मला ओट्यावर बसायला सांगितलं. मग म्हणाले, “सर, हे इचारायचं व्हतं तर त्याच्यादेखत इचारायचं.”

मी म्हणालो, मी आरोप करत नाही, फक्त खात्री करतोय.

“आमच्यात नाईकाला इचारलं म्हणजे तांड्याला इचारलं,” ते म्हणाले. “तुमी चांगले मानूस हायेत. पन आता ते माघारी जात न्हाई.”

निघताना पाहिलं, दिपा टोपलीवर पाणी शिंपडता शिंपडता थांबली होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

वसराम कॅन उतरवून झाल्यावर गेला नाही. वजनकाट्याच्या बाजूला उभा राहिला. कोमल फॅट तपासत होती. ती उठून आत गेली.

तो म्हणाला, “काय इचारायचं ते मला इचारा.”

मी वही उघडून दाखवली. चौदा जूनपर्यंतचे आकडे, त्यानंतरचे आकडे. म्हणालो, वसराम, रोजचे सहा किलोमीटर कुठे जातात?

त्याने आकडे नीट वाचले. बोट ठेवून, एकेक. “रस्ता तोच हाय,” तो म्हणाला. “दुसरं मला सांगता येत न्हाई.”

“मीटर खोटं बोलतं का?”

“मीटर काहून खोटं बोलंल. पन मीबी न्हाई बोललो.” मग थोडं थांबून: “चाळीस वर्षं झाली, सर. पाटीवरचं तुमी माझं पुसलं न्हाई, मी तुमचं पुसलं न्हाई.”

मी वही मिटली. तो म्हणाला, शनिवारी तीज बुडवायची आहे, तोवर दूध आणतो, मग किल्ली ठेवतो.

कोमलने संध्याकाळी एवढंच विचारलं, “तुम्हाला उत्तर मिळालं का?” मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, “मग प्रश्न तरी बरोबर होता का?” तिचं माहेर साखऱ्याचं, तिथली माणसं असंच बोलतात, सरळ. मला राग आला. राग आला म्हणजे त्यात काहीतरी असणार, पण काय ते सापडत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

तिजेचं आमंत्रण आधीपासूनचं होतं. न जाणं म्हणजे आरोपावर शिक्का मारणं, म्हणून कोमल आणि मी गेलो. आरोहीचा क्लास होता. तांड्यावर सगळे नटलेले. मुलींच्या डोक्यांवर टोपल्या, गहू वीतभर वाढलेला. रणजीतही आला होता, नव्या शर्टात.

दरवर्षी टोपल्या तांड्याजवळच्या विहिरीवर बुडवतात. यंदा तिचा काठ खचलाय. म्हणून खाली पुलाजवळच्या डोहावर जायचं ठरलं, तीन किलोमीटर. नाईक मला म्हणाले, पोरी पिकअपमध्ये बसू द्या का? मी म्हणालो, यात विचारायचं काय.

वसराम गाडीच्या दाराशी होता. म्हणाला, “पोरी मागं बसणार न्हाईत.”

नाईकांनी विचारलं, काहून? त्याने रणजीतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बसणार न्हाईत. पायी जाऊ द्या.”

मला वाटलं, हा माझा अपमान आहे. चार माणसांत, सणाच्या दिवशी. मी माणसांबद्दल विचारलं म्हणून आता माणसंच बसवणार नाही. मी हात पुढे केला आणि म्हणालो, किल्ली दे, मी चालवतो. त्याने किल्ली दिली. मुली मागे चढल्या, सतरा जणी, त्यांत दिपा, आणि मधोमध तीन म्हाताऱ्या. मागचा फाळका लावला. वसराम येऊन माझ्या शेजारी बसला. मला तेही आवडलं नाही.

भरलेली गाडी मी यापूर्वी कधी चालवली नव्हती. हे वाक्य लिहून दोन मिनिटं थांबलो.

बोरीची उतरण सुरू झाली तेव्हा काटा तीसवर होता. रस्ता काट्यापेक्षा भराभर मागे जातोय असं वाटलं. ब्रेक दाबला. पेडल घट्ट लागलं, पण गाडी आवरेना. आणखी दाबला. पुढचा भाग वाकला, पुढची चाकं किंचाळली, आणि मागून कोणीतरी ढकलतंय तशी गाडी जातच राहिली. मागे मुली गात होत्या.

वसराम म्हणाला, “पाय काढू नका. दुसरा टाका.”

त्याचा आवाज केंद्रावर कॅन मोजतानाचा होता. मी दुसरा टाकला, इंजिन ओरडलं. त्याने दोन सीटांमधला हँडब्रेक हातात घेतला आणि ओढला, सोडला, ओढला, सोडला. प्रत्येक ओढीला गाडी मागून धरली जायची.

“आता पहिला. टाका, जाईल. दरडीकडं घ्या. पुलाकडं बघू नका, दरडीकडं बघा.”

पुढचं डावं चाक दरडीच्या मुरमात चढलं. गाडी उजवीकडे झुकली. एवढी उंच गाडी झुकली की खिडकीतून फक्त डोह दिसतो, हे आज कळलं. मग ती परत टेकली आणि थांबली. वळणाला पंधरा पावलं उरली होती. मी उतरल्यावर मोजली. माझ्याच्याने राहवलं नाही.

गाणं थांबलं नव्हतं. एका मुलीच्या टोपलीतली माती सांडली म्हणून ती कुरकुरत होती, एवढंच.

वसरामने उतरून आधी दोन चाकांपुढे दगड लावले. ते दगड सीटखाली होते, घासून गुळगुळीत झालेले. मग फाळका उघडला आणि मुलींना म्हणाला, “उतरा. डोह आलाच. देवाला गाडीतून जात न्हाईत.” दिपा म्हणाली, असं कुठं असतं, बाबा? तो म्हणाला, असतं.

त्याने म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवलं आणि मुलींच्या मागे चालू लागला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. रागाने नाही, असं वाटलं. एका म्हातारीचा हात त्याच्या हातात होता.

किल्ली गाडीलाच होती. त्याला ती ठेवावी लागली नाही, मीच आधी काढून घेतली होती.

१७ ऑगस्ट, रविवार

रिकामी गाडी हळूहळू वारंगा फाट्यावर नेली. कोमलही आली. रणजीतला उतरणीवर काय झालं ते सांगितलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. बापाने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. त्याची बहीण त्या गाडीत होती. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

मग तो म्हणाला, भरून पाहू. गॅरेजच्या हौदावरून अठरा कॅन पाण्याने भरले. मागच्या मोकळ्या सडकेवर मी चुन्याची रेघ मारली. रिकामी असताना काट्यावर तीस धरून रेघेवर ब्रेक दाबला तर गाडी अकरा पावलांत थांबली. भरल्यावर, सपाट रस्त्यावर, वीस पावलं.

जुलैत मी रिकामी तपासली होती. तीन वेळा. काळजीपूर्वक.

रणजीत गाडीखाली गेला आणि बराच वेळ आला नाही. मग त्याने मला आत वाकून बघायला सांगितलं. तीच बारीक दांडी. तो म्हणाला, ही मागचं वजन पाहते. गाडीत माल भरला की मागचा भाग खाली बसतो, दांडी वर ढकलली जाते, आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाढवून मिळतो. गाडी रिकामी असली की जोर कमी, चाकं घसरू नयेत म्हणून. “आपण ठोकळे घातले, सर. आता कितीबी भरा, दांडी खालीच राहती. गाडीला वाटतं आपण रिकामेच हाओत.”

मी विचारलं, तुला तेव्हा माहीत नव्हतं? तो म्हणाला, न्हाई. लगेच म्हणाला, सरळ. मी त्याच्या जागी असतो तर एवढ्या सरळ म्हणालो असतो का?

मग तो ओशाळून म्हणाला, “बाबानं हँडब्रेकच्या दोन केबला नेल्या माझ्याकडून. मी इचारलं तर म्हणला, पाय कमजोर झाला, हातानं मदत लागती. मी हसलो, सर.”

म्हणजे जुलैत मी ब्रेक बराबर आहेत म्हणालो, त्या दिवसापासून तो माणूस आपल्या पायाला दोष देत रोज ती उतरण उतरत होता. माणसांना वरच उतरवून. मी लिहिलं होतं: लोकांनी पाहू नये म्हणून.

निघताना कोमल सहज म्हणाली, एवढ्या मोठ्या टायरांनी मीटर तरी खरं दाखवत असेल का? रणजीत म्हणाला, “मीटर कमीच दाखवनार की, काकू. चाक मोठं, फेरे कमी. अन् काटाबी कमी दाखवतो, तीस म्हंजे तेहतीस-चौतीस असत्यात.” मग माझ्याकडे वळून, अगदी निरागसपणे: “हे तुमाला काय सांगायचं, सर. तुमी तर फिजिक्स शिकवलं आमाला.”

घरी येऊन वहीच्या या पानाच्या कडेला गुणाकार केला. अठ्ठावीस आणि एकतीस हे आकडे चौदा जूनच्या नोंदीत माझ्याच अक्षरात आहेत. अठ्ठावन्न गुणिले अठ्ठावीस भागिले एकतीस. बावन्न पूर्णांक चार दशांश.

चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे गणित मी अकरा वर्षं फळ्यावर मांडलं. दर जुलैत.

१८ ऑगस्ट, सोमवार

रणजीतने ठोकळे काढायला घेतलेत. मी म्हणालो, दांडी लांबवून, ब्रेक दाखवून, परवानगी काढून पुढचं पाहू. तोवर जुनी उंची, जुने टायर. तो पैसे घेणार नाही म्हणाला. मी म्हणालो, चूक दोघांची आहे. त्याने मान हलवली, पण पटलं नसावं. मला तरी कुठे पटलंय. दांडीबद्दल मी एकदा विचारलं आणि चहा आला म्हणून सोडून दिलं.

वरच्या तांड्याचं दूध आज ओढ्यापर्यंत डोक्यावरून आलं, अलीकडून मी भाड्याच्या रिक्षात आणलं. बेबीबाईने कॅन दिला. देऊन लगेच वळली. कॅन नेहमीसारखाच काठोकाठ होता.

वसरामला काय सांगायचं ते मी दुपारी एका कागदावर लिहिलं. चार वेळा खोडलं. त्यात ठोकळे, दांडी, टायरांचा घेर असं सगळं आलं. एका जागी तर मी समीकरण लिहिलं होतं. कोमलने वाचलं आणि म्हणाली, “हे सगळं खरं आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?” मग म्हणाली, कागद नेऊ नका.

आज संध्याकाळी फोन करावा असं दोनदा मनात आलं. फोनवर तो म्हणेल, जाऊ द्या, सर, आणि मी जाऊ देईन. त्याच्या घरी जाऊन एकट्यालाच सांगितलं तर तोही तेच म्हणेल. नाईकांनी सांगितलं होतं, ते माघारी जात नाही. पण मी विचारलं जिथे, तिथेच उत्तरही द्यायला हवं. जिथे त्या टोपल्या होत्या त्याच ओट्यासमोर, आणि दिपा ऐकत असताना.

मोटारसायकल नेणार नाही. त्या रस्त्याने मी तिच्यावरून एकदा त्याच्या मागे मागे गेलो आहे.

उद्या: सकाळी सहाला पायी निघून, पिकअपची किल्ली घेऊन, धर्मसिंग नाईकांच्या दारात सगळ्यांदेखत वसरामशी बोलणे.